फुफ्फुसाचे जुने विकार आणि चालण्याचे मोल

चालू लागले की धाप वाढते आणि बसले की ती ओसरते, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. त्यावरून निघणारा निष्कर्षही मोठा स्वाभाविक वाटतो : ज्याला थोड्याशा श्रमानेही धाप लागते, त्याने शक्यतो बसून राहावे. फुफ्फुसाच्या दीर्घकालीन विकाराने पीडित असलेला रोगी, त्याचे कुटुंबीय आणि फार काळपर्यंत त्याचे वैद्यही याच निष्कर्षावर विसंबून होते. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मात्र हा निष्कर्ष कसोटीला लावण्यात आला आणि तो बहुतांशी उलटा ठरला. बसण्याने धाप त्या क्षणापुरती थांबते. पुढच्या महिन्यात ती अधिक लवकर लागावी, अशी व्यवस्थाही त्याच बसण्याने होत असते.

येथे ज्या विकाराचा मुख्यतः विचार करावयाचा आहे त्याला दीर्घकालीन अवरोधी फुफ्फुसरोग म्हणतात. रुग्णालयात तो 'सीओपीडी' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. या रोगात श्वासनलिका आकसतात व सुजतात, वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि आत घेतलेली हवा पूर्णपणे बाहेर टाकणे अवघड होऊन बसते. विडी-सिगारेटचा धूर हे त्याचे सर्वपरिचित कारण होय. परंतु भारतात लाकूड, गोवऱ्या व काटक्या जाळणाऱ्या चुलीपुढे ज्यांचा जन्म गेला अशा स्त्रिया, धुळीच्या व धुराच्या धंद्यांत राबणारे कामगार आणि क्षयातून बरे झालेले लोक यांच्यातही हा रोग पुष्कळ आढळतो. बंगळूर, चंदीगड, दिल्ली व कानपूर या चार शहरांच्या परिसरात पस्तीस वर्षांवरील 35,295 व्यक्तींची जी पाहणी झाली आणि 2006 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात शंभरामागे सुमारे चार जणांना हा विकार असल्याचे दिसून आले.

बंगळूरच्या चामराजपेटेतील एखाद्या घराची उदाहरणादाखल कल्पना करावी. घरातील पासष्टीचे गृहस्थ सूतगिरणीतून निवृत्त झालेले. अनेक वर्षे विडी ओढलेली, आता सोडलेली. प्रथम त्यांचे बाजारात जाणे बंद होते, कारण पिशवी उचलली की दम लागतो. बाजार मुलगा करू लागतो. मग देवळाच्या पायऱ्या सुटतात. मग माडीवरचा बिछाना खाली येतो. सून अंघोळीचे पाणी काढून देते, नातू चपला आणून पायांशी ठेवतो आणि "तुम्ही बसा, आम्ही करतो" हे वाक्य घरात दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते. या साऱ्यात प्रेमाखेरीज काहीही नाही. तरीही दोन वर्षांनी ते गृहस्थ खाटेपासून न्हाणीघरापर्यंत जाताना मध्येच थांबतात, आणि रोग बळावला असे सर्वजण समजतात. रोग कदाचित थोडा बळावलाही असेल. पण त्यांचे जे बळ गेले त्याचा मोठा वाटा बसण्याने गेलेला असतो.

विश्रांतीचा वारसा

छातीच्या रोगावर विश्रांती हाच उपाय, ही कल्पना क्षयरोगाच्या इतिहासातून आपल्याकडे आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत आरोग्यधामे उभी राहिली. स्वच्छ हवा, सकस अन्न आणि महिनोन् महिने खाटेवरची विश्रांती हा तेथील उपचारक्रम होता. त्या काळी क्षयावर गुणकारी औषध नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या उपचारामागील विचार समजू शकतो. भारतातही अशी आरोग्यधामे स्थापन झाली. बंगळूरमध्ये सोमेश्वरनगर परिसरात आज जी राजीव गांधी छातीरोग संस्था आहे, तिचे पूर्वरूप क्षयरोग्यांचे आरोग्यधाम हेच होते.

या विश्रांतीच्या सिद्धान्ताला निर्णायक धक्का दक्षिण भारतातच बसला. 1956 साली मद्रासमध्ये क्षयाच्या औषधोपचाराचा अभ्यास करणारे केंद्र सुरू झाले. तेथे रोग्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले. दुसऱ्याला तीच औषधे देऊन आपल्या घरी राहू दिले. घरी राहणारे रोगी दाटीवाटीच्या वस्तीतले व गरीब होते. त्यांचा आहार आरोग्यधामातल्यापेक्षा निकृष्ट होता आणि विश्रांतीही त्यांना कमीच मिळत होती. असे असूनही एका वर्षाच्या उपचारानंतर दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखे निघाले. 1959 साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी बंगळूरमध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्थेची स्थापना झाली. या संस्थेने ज्या राष्ट्रीय कार्यक्रमाची आखणी केली, त्याचा पाया घरी राहून घ्यावयाच्या औषधांवर होता. क्षय बरा होतो तो औषधाने. खाटेवर पडून राहणे हे त्या औषधाचे अंग नव्हे, एवढे त्यातून सिद्ध झाले.

परंतु समजुती प्रयोगांच्या वेगाने बदलत नाहीत. क्षयाचा उपचार बदलला तरी 'छातीचा रोगी म्हणजे बसून राहणारा रोगी' हे चित्र लोकांच्या मनात कायम राहिले आणि ते पुढे अवरोधी फुफ्फुसरोगालाही चिकटले.

धाप आणि दुबळेपणा यांचे चक्र

बसून राहण्याने अपाय का होतो, हे समजण्यासाठी धाप कशी लागते ते पाहिले पाहिजे. निरोगी माणूस वेगाने चालू लागला की त्याचे श्वास खोल व जलद होतात. उच्छ्वासाला पुरेसा अवधी मिळतो आणि फुफ्फुसे दर वेळी बऱ्यापैकी रिकामी होतात. अवरोधी फुफ्फुसरोगात वाट अरुंद झालेली असते. श्वास जलद झाले की आधीची हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वीच नवी आत येते. प्रत्येक श्वासागणिक थोडी थोडी हवा आत साठत जाते, छाती फुगलेल्या अवस्थेत अडकते आणि आणखी श्वास घ्यावयास जागाच उरत नाही. काठोकाठ भरलेल्या घागरीत पाणी ओतावे तशी ही स्थिती असते. रोगी "हवा मिळत नाही" असे म्हणतो. खरे पाहता त्याची अडचण हवा जात नाही ही असते.

ही झाली फुफ्फुसाची बाजू. दुसरी बाजू पायांची आहे, आणि तिच्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. मांडीचे स्नायू वापरात नसले की ते बारीक होतात, त्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या कमी होतात आणि प्राणवायूचा उपयोग करून घेण्याची त्यांची शक्ती घटते. असे स्नायू थोड्याशा कामातही लवकर दुग्धाम्ल निर्माण करू लागतात. त्या आम्लाचा निरास करताना शरीरात अधिक कार्बन डायॉक्साइड तयार होतो, आणि तो बाहेर टाकण्याचा बोजा पुन्हा त्याच अडचणीत सापडलेल्या फुफ्फुसांवर पडतो. म्हणजे दुबळे पाय धाप वाढवतात, धापेच्या भीतीने रोगी बसतो आणि बसल्याने पाय अधिक दुबळे होतात.

या चक्राला एका ठिकाणी आपण हात घालू शकतो. झिजलेले वायुकोश पुन्हा घडवता येत नाहीत. स्नायू मात्र उतारवयातही सरावाने सुधारतात. व्यायामानंतर रोग्याच्या श्वसनक्षमतेचे आकडे सहसा बदलत नाहीत आणि त्यामुळे पूर्वी अनेक वैद्य निराश होत असत. 1991 साली अमेरिकेत झालेल्या एका महत्त्वाच्या प्रयोगाने या कोड्याचा उलगडा केला : सरावानंतर तेवढेच काम करताना रोग्याच्या रक्तात दुग्धाम्ल कमी साठते आणि म्हणून त्याला श्वासही कमी घ्यावा लागतो. फुफ्फुस तेच राहते. त्याच्याकडे होणारी मागणी घटते.

सहा मिनिटांची चाल

रोग्याची शक्ती मोजण्यासाठी महागडी यंत्रे असली तरी सर्वांत उपयोगी ठरलेली कसोटी अत्यंत साधी आहे. 1976 साली ब्रिटनमध्ये फुफ्फुसाच्या रोग्यांना बारा मिनिटे चालावयास सांगून ते किती अंतर जातात हे मोजण्याची पद्धत सुरू झाली. बारा मिनिटे अनेकांना झेपत नसत. 1982 मध्ये सहा मिनिटेही पुरेशी आहेत असे दाखवण्यात आले. तेव्हापासून तीस मीटरांचा सपाट व्हरांडा, दोन खुणा आणि एक घड्याळ एवढ्या सामग्रीवर जगभर ही चाचणी घेतली जाते. रोग्याने आपल्या चालीने चालावे, वाटल्यास थांबावे, पुन्हा निघावे. सहा मिनिटांत किती मीटर झाले एवढेच लिहून ठेवावयाचे.

या साध्या आकड्याचे मोल 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने प्रत्ययास आणून दिले. त्यात शरीराचा बांधा, श्वासनलिकांतील अडथळा, रोग्याला जाणवणारी धाप आणि सहा मिनिटांची चाल या चार गोष्टींना गुण देऊन त्यांची बेरीज करण्यात आली. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर फुंकता येते, या एकट्या मापापेक्षा ही बेरीज रोग्याच्या मृत्यूचा संभव अधिक अचूकपणे सांगू शकली. 350 मीटर किंवा अधिक चालणाऱ्याला चालीबद्दल धोक्याचा एकही गुण नाही. 150 मीटरांच्या आत थांबणाऱ्याला पूर्ण तीन. दुसऱ्या शब्दांत, रोग्याचे भवितव्य त्याच्या छातीइतकेच त्याच्या पायांतही लिहिलेले असते.

हालचाल आणि आयुष्य

चाचणीत माणूस किती चालू शकतो हा एक प्रश्न झाला. रोजच्या जीवनात तो प्रत्यक्ष किती चालतो हा दुसरा. 2005 साली बेल्जममधील संशोधकांनी रोग्यांच्या अंगावर छोटी मापके बांधून दिवसभराची हालचाल नोंदवली. रोगी दिवसाकाठी सरासरी 44 मिनिटे चालत होते, तर त्याच वयाची निरोगी माणसे 81 मिनिटे.

या फरकाचा आयुष्याशी काय संबंध आहे? कोपनहेगन शहरातील नागरिकांची जी दीर्घकालीन पाहणी चालू होती, तिच्यातील 2,386 रोग्यांची माहिती 2006 साली प्रसिद्ध झाली. आठवड्यातून दोन तास वा त्याहून अधिक चालणाऱ्या किंवा सायकल फिरवणाऱ्या रोग्यांत, अगदी बैठे जीवन जगणाऱ्यांच्या तुलनेने, या रोगासाठी रुग्णालयात दाखल होण्याचा आणि श्वसनविकाराने मृत्यू येण्याचा धोका 30 ते 40 टक्क्यांनी कमी आढळला. आठवड्याला दोन तास म्हणजे दिवसाला सुमारे सतरा मिनिटे! 2011 साली जर्मनीतील एका अभ्यासात 170 रोग्यांची फुफ्फुसे, हृदय, स्नायू आणि रक्त यांची सविस्तर तपासणी करून चार वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. त्या अवधीत 26 जण मरण पावले. कोण जगेल आणि कोण नाही, हे तपासलेल्या साऱ्या मापांपैकी सर्वांत चांगले सांगणारे माप यंत्राने नोंदलेली दैनंदिन हालचाल हे ठरले.

येथे विचारी वाचकाच्या मनात एक शंका येईल आणि ती यावयासच हवी. जे अधिक चालतात ते अधिक जगतात, की ज्यांच्यात जगण्याची शक्ती अधिक असते तेच अधिक चालतात? ज्याचा रोग आतून बळावला आहे तो मृत्यूच्या कितीतरी आधीपासून चालणे कमी करतो. अशा वेळी कमी चालणे हे मृत्यूचे कारण नसून त्याची पूर्वसूचना असू शकते. 2020 साली अमेरिकेतील 1,97,376 वृद्ध रोग्यांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोग उफाळून आल्यामुळे ते सर्व रुग्णालयात राहून आलेले होते. घरी परतल्यावर नव्वद दिवसांच्या आत ज्यांनी व्यायामाचा पद्धतशीर कार्यक्रम सुरू केला त्यांच्यापैकी 7.3 टक्के वर्षभरात दगावले, इतरांपैकी 19.6 टक्के. वय व इतर आजार यांचा हिशेब केल्यावरही धोका 37 टक्क्यांनी कमी भरला. परंतु तेथेही व्यायामाला येणारे रोगी मुळातच अधिक उमेदीचे असणार, ही शंका पूर्णपणे फिटत नाही.

ती फेडण्याचा एकच मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून रोग्यांचे दोन गट पाडणे आणि एकालाच व्यायाम देणे. अशा प्रयोगांचा 2015 साली एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात 65 प्रयोग व 3,822 रोगी होते. व्यायामाने धाप कमी होते, थकवा कमी होतो आणि चालण्याचे अंतर वाढते हे त्यातून निःसंशय सिद्ध झाले. आयुष्य वाढते काय, या प्रश्नाचे उत्तर इतके स्पष्ट नाही. रोग उफाळल्यानंतर लगेच दिलेल्या व्यायामाविषयी 2011 च्या आढाव्यात मृत्यू घटल्याचे दिसले. 2016 मध्ये अधिक प्रयोग जमेस धरल्यावर ते खात्रीने म्हणता आले नाही. म्हणून शास्त्राच्या भाषेत एवढेच म्हणणे रास्त होईल की, हालचाल व दीर्घायुष्य यांचे साहचर्य भक्कम आहे, त्यामागील कार्यकारणभाव संभवनीय आहे, पण पुरता सिद्ध झालेला नाही. जे सिद्ध झाले आहे तेही थोडके नव्हे : आहेत ते दिवस रोगी कमी कष्टाने व कमी परावलंबनाने जगतो.

बंगळूरमधील प्रयोग

भारतात व्यायामशाळेची चालती पट्टी सर्वांना उपलब्ध होणार नाही. त्यामुळे आपल्या परिचयाच्या साधनांचा उपयोग करून पाहण्याचे प्रयत्न येथे झाले. बंगळूरच्या विवेकानंद केंद्रातील डॉ. आर. नागरत्ना आणि डॉ. एच. आर. नागेंद्र यांनी दम्याच्या 53 रोग्यांना दोन आठवडे योगाचे शिक्षण दिले आणि नंतर रोज 65 मिनिटे सराव करण्यास सांगितले. वय, लिंग व रोगाची तीव्रता जुळणारे आणखी 53 रोगी तुलनेसाठी घेण्यात आले. त्यांची औषधे पूर्ववत चालू होती. योग करणाऱ्यांत दम्याचे झटके व औषधांची गरज कमी झाली आणि जोराने श्वास सोडण्याची क्षमता वाढली. हा निबंध 1985 साली ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दमा आणि अवरोधी फुफ्फुसरोग हे दोन निराळे विकार आहेत, हे येथे विसरून चालणार नाही. तथापि याच परंपरेतून बंगळूरमध्ये उभ्या राहिलेल्या योग विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे ओडिशातील कोळसा खाणीत काम करणाऱ्या, अवरोधी फुफ्फुसरोग जडलेल्या 81 कामगारांवर बारा आठवड्यांचा प्रयोग केला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तान्तात योग करणाऱ्या कामगारांची धाप व थकवा कमी झाल्याचे आणि सहा मिनिटांतील चाल वाढल्याचे नमूद आहे.

चालावे कोठे आणि केव्हा

चाला, असे सांगणे सोपे आहे. कोठे चालावे हा शहरात राहणाऱ्या रोग्यापुढील खरा प्रश्न आहे. लंडनमध्ये झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने त्याचे महत्त्व दाखवून दिले. साठीच्या पुढील निरोगी व्यक्ती, फुफ्फुसाचे रोगी आणि हृदयाचे रोगी यांना एकदा हाइड पार्क या विस्तीर्ण उद्यानात आणि एकदा वाहनांनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन दोन तास चालवण्यात आले. उद्यानातील फेरीनंतर श्वसनक्षमता सुधारली आणि रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. रस्त्यावरील फेरीत हा लाभ बहुतांशी नाहीसा झाला आणि फुफ्फुसाच्या रोग्यांना खोकला, कफ व धाप यांचा अधिक त्रास झाला.

बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर वसले आहे आणि तेथील हवेचा एके काळी मोठा लौकिक होता. आज रस्त्यांवरील वाहनांनी तो पुष्कळसा हिरावून घेतला आहे. हवेतील सूक्ष्म कणांचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या मर्यादेच्या वर असते. तरीही या शहराला जुन्या काळाने दोन मोठी उद्याने दिली आहेत. हैदरअलीने 1760 साली सुरू केलेला लालबाग आज सुमारे 240 एकरांवर पसरलेला आहे. कब्बन पार्क 1870 मधला. लालबागेतील झाडांखालच्या सपाट वाटा आणि ठिकठिकाणचे बाक ही फुफ्फुसाच्या रोग्यासाठी उत्तम सोय होय. केंपेगौडाचा मनोरा असलेल्या खडकाचा चढ मात्र त्याने प्रारंभी टाळावा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत साचून राहते आणि धूरही तिच्याबरोबर साचतो. त्या दिवसांत उन्हे वर आल्यावर निघणे बरे. ज्याला उद्यान जवळ नाही त्याने मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीने जावे, आणि तेही शक्य नसेल तर घराच्या गच्चीवर किंवा ओसरीत फेऱ्या घालाव्यात. अंतर महत्त्वाचे आहे, देखावा नव्हे.

काही व्यावहारिक नियम

प्रारंभ वैद्याच्या सल्ल्याने व्हावा. छातीत दुखणे, भोवळ येणे, ओठ निळे पडणे किंवा नुकताच रोग उफाळून येणे, अशा स्थितीत आधी तपासणी आवश्यक आहे. चालताना रक्तातील प्राणवायूचे प्रमाण 88 टक्क्यांच्या खाली जात असल्यास वैद्याच्या देखरेखीखालीच व्यायाम करावा. श्वासनलिका रुंदावणारे औषध लिहून दिलेले असेल तर ते निघण्यापूर्वी, सांगितल्याप्रमाणे घ्यावे.

पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे चालून दोन मिनिटे बसावे आणि पुन्हा पाच मिनिटे चालावे. हळूहळू एकूण चाल वीस ते तीस मिनिटांवर न्यावी आणि आठवड्यातून निदान पाच दिवस ती पाळावी. वेग किती असावा, याची खूण अशी : धाप लागावी, पण सोबत्याशी लहान वाक्ये बोलता यावीत. नाकाने श्वास घेऊन, शीळ घालताना करतो तसे ओठ आवळून, तो सावकाश सोडावा. उच्छ्वास श्वासाच्या दुप्पट लांब असावा. जिना चढताना पाऊल उचलण्याच्या वेळी श्वास सोडावा. चालण्याच्या जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि पाण्याने भरलेली छोटी बाटली उचलणे, असे स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. साधारणतः सहा ते आठ आठवड्यांत फरक जाणवू लागतो. मात्र सराव सोडला तर काही महिन्यांत तो लाभ ओसरतो. म्हणून हा उपचार औषधाच्या गोळीप्रमाणे नियमित चालू ठेवावा लागतो.

धूम्रपान थांबवणे, चुलीच्या धुरापासून सुटका, योग्य औषधे आणि प्रतिबंधक लसी यांची जागा चालणे घेऊ शकत नाही. ते या सर्वांच्या शेजारी उभे राहते.

शेवटी पुन्हा चामराजपेटेतील त्या घराकडे वळले पाहिजे. रोग्याची सेवा म्हणजे त्याची सर्व कामे आपण करणे, अशी त्या घराची समजूत आहे. ती समजूत बदलावयाची म्हणजे प्रेम कमी करावयाचे असे नाही. बाजाराची संपूर्ण पिशवी मुलाने आणावी, पण कोथिंबिरीची जुडी वडिलांनी कोपऱ्यावरून आणावी. अंघोळीचे पाणी सुनेने तापवावे, पण तांब्या त्यांच्या हाती राहू द्यावा. नातवाने चपला आणून देण्याऐवजी आजोबांचा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत जावे. मध्ये ते थांबतील, धाप लागेल, नातवाला भीती वाटेल. थोडा वेळ उभे राहिल्यावर ती धाप ओसरते, हे दोघांनाही एकदा कळले म्हणजे दुसऱ्या दिवशी पुढच्या खांबापर्यंत जाणे शक्य होते.